कागदाचा अंगठा

त्यांच्या घरात वेळ मिनिटांत मोजत नसत, पानांत मोजत. चहाला अर्धं पान, भाताला दोन, आणि बस वेळेवर मिळाली तर एटापल्लीहून आलापल्लीला सहा पानं. मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा आतून आवाज आला, "मास्तरीनबाई, एक पान बसा. नमाज पढून येतो." मी ओट्यावर बसले आणि विड्याचं पान कोण आणून देतंय याची वाट बघत राहिले. दहा मिनिटांनी ते बाहेर आले. माझा रिकामा हात बघून त्यांना काही वाटलं नाही, आणि मला काय वाटलं असेल हे विचारायची त्यांची रीत नव्हती.

सगळं एटापल्ली त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणू लागले. साठी उलटलेली, कानावर पेन्सिलीच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. बायको वारलेली, मूलबाळ नाही, बल्लारपूरला एक पुतणी. आधी रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, मग मोबाईल. लोक दुरुस्तीऐवजी नवाच मोबाईल घ्यायला लागले तेव्हा त्यांनी दुकानाच्या निम्म्या फळ्या कायमच्या लावून टाकल्या. मी मूळची माजरीची, कोळशाच्या गावची. नवरा तिथंच खाणीत नोकरीला. माझी बदली इकडे, बारा किलोमीटर आतल्या एका गावच्या शाळेवर झाली होती, आणि मी दोन दिवस रडून घेऊन तिसऱ्या दिवशी स्कूटी काढली होती. चाचांच्या मागच्या खोलीत मी पाच वर्षं राहिले. त्यांच्याबद्दल हसत हसत लिहावं असं पुष्कळ आहे. पण लिहायला बसलं की शेवटी मी माझ्याच चुकीपाशी येऊन थांबते, हे आधीच सांगून टाकते.

पानांचा उलगडा आठवडाभरानं झाला. त्यांच्या पुढच्या खोलीत देवळीत एक स्टीलचा जेवणाचा डबा होता, त्याला ड्रिलनं भोकं पाडलेली. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर, शेजारी हार्ड डिस्क, वर बोटभर पंखा. छतावर सोलरची प्लेट, खाली ट्रकची जुनी बॅटरी. एटापल्लीची वीज गेली तरी तो डबा घुमत राही. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "वही."

वही साऱ्या जगाची होती म्हणे. कोणी कोणाला काय दिलं याची. दर दहा मिनिटांनी तिला एक पान जोडलं जाई, आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा अंगठा असे, म्हणजे मधलं पान कोणाला बदलता येत नसे. "आणि ही वही एकाकडं नाई. हजारो लोकाईकडं हाय. एकाकडं असती तर कवाच फाडली असती." त्या हजारांतली एक प्रत एटापल्लीत, जेवणाच्या डब्यात होती. याला बिटकॉइन म्हणतात हे मला नवऱ्याकडून कळलं. तो महिन्याच्या फेरीला आला, डबा बघून खुळावला आणि त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला जो अख्खं गाव विचारत असे.

"किती कमावले चाचा?"

"एक रुपया नाई."

"मग चालवता काऊन?"

"पाहून राह्यलो."

एवढंच उत्तर. वहीत ज्यांचे पैसे असतात ते वेगळे आणि वही नीट लिहिली जाते का ते बघणारे वेगळे, आणि आपण दुसऱ्यांतले, यात त्यांना काही नवल वाटत नसे. नवरा मला रात्रभर सांगत होता की म्हातारा सरकलेला आहे. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

ती वही पहिल्या पानापासून उतरवून घ्यायला एटापल्लीचं नेटवर्क जन्मभर पुरलं नसतं. म्हणून मी यायच्या आधीच डिस्क पिशवीत घालून ते बल्लारपूरला पुतणीकडे गेले, तीन आठवडे राहिले आणि भरून आणली. पुतणीचा नवरा म्हणाला, आता झालं, चालू करा. हे म्हणाले, मी कुठी तपासलं अजून? मग त्या इवल्या कॉम्प्युटरनं पहिल्या पानापासून एकेक पान तपासायला घेतलं. ते काम अडीच महिने चाललं. तेवढे दिवस चाचा डब्यावर ओलं फडकं धरून बसत, तापू नये म्हणून. संपलं त्या दिवशी त्यांनी गल्लीत जिलेबी वाटली. कशाची म्हणून विचारलं तर म्हणत, "सगळं बराबर निघालं." लोकांनी जिलेबी खाल्ली आणि पुढं काही विचारलं नाही.

रोज सकाळी ते दाराशी टांगलेल्या पाटीवर शेवटच्या पानाचा आकडा खडूनं लिहीत. कधी चार-चार दिवस नेटवर्क गायब असे. तेव्हा आकडा तोच राही आणि खाली लिहिलेलं असे, "मागं पडलो. चुकलो नाई." बाजाराच्या दिवशी आतल्या गावांचे लोक ती पाटी वाचत उभे राहत. काहींना तो मटक्याचा आकडा वाटे.

एकदा दोन पोलीस आले. आमच्या जिल्ह्यात कोणाच्या छतावर वायर आणि घरात घुमणारा डबा असला तर पोलीस येणारच, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. धाकट्यानं विचारलं, "हे कोणाशी बोलते?" चाचांनी खरं ते सांगितलं, "साऱ्या जगाशी." मी घाईनं चहाचे कप पुढं केले. पुढची सहा पानं त्यांनी पोलिसांना वही समजावली. शेवटी मोठा पोलीस कंटाळून म्हणाला, "म्हणजे तुमी पंच." चाचांचा चेहरा असा खुलला की मी तो तसा पुन्हा पाहिला नाही. "हाव. बराबर. पंच."

त्या शब्दामागं काय होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. विशीत असताना कुठल्याशा लाकूडतोडीच्या प्रकरणात त्यांना रस्त्यावरून बोलावून पंच केलं होतं. कागद कोरा होता. "सही कर, मागून लिहू," म्हणाले आणि यांनी केली. मागून जे लिहिलं त्यावरून एक माणूस आठ महिने आत गेला. त्या माणसाला यांनी कधी झाडाजवळ पाहिलंच नव्हतं. "माही सही खाली, अन् वरचं मी पायलंच नाई," ते म्हणाले आणि सोल्डरिंगची कांडी उगाचच पुसत बसले. तेव्हापासून ते न पाहिलेल्या कशालाही हो म्हणत नसत. गॅसचं सिलिंडर काट्याला टांगून घेत. ईदच्या आदल्या दिवशी ढग असले की टाकीवर चढून बसत. एका वर्षी खाली सगळे चंद्र दिसल्याची बातमी घेऊन उभे, आणि हे वरून म्हणतात, "ज्यानं पायला त्याले आणा." शेवटी अहेरीहून आलेल्या एका शिंप्याला शिडीवर चढवलं. चंद्राची टोकं कुठल्या बाजूला होती, झाडाच्या वर की खाली, असे सात प्रश्न विचारून मगच ते टाकीवरून उतरले. मौलाना हसून म्हणाले होते की, याच्यासमोर साक्ष देणं सोपं नाही.

आता अंगठ्याचं सांगते. कुठलाही कागद, फोटो, ओळ त्या कॉम्प्युटरला दिली की तो चौसष्ट अक्षरांची एक निरर्थक माळ काढून देई. चाचा तिला कागदाचा अंगठा म्हणत. त्यांनी मला लिहायला लावलं, 'आज खिचडी होती'. माळ निघाली. मग म्हणाले, शेवटी टिंब द्या. मी टिंब दिलं तर सगळीच माळ बदलली, एक अक्षर जागेवर राहिलं नाही. "पाहा. माणसाचा अंगठा कसा कोणाशी जुळत नाई, तसा कागदाचा बी नाई. आणि हा अंगठा जगाच्या वहीत लावून ठेवला का मग कोण्या मायच्या लालाले तो मिटवता येत नाई." मला त्यात गंमत वाटली, एवढंच.

माझ्या शाळेत रैनीबाई खिचडी शिजवत. गावातल्याच, माडिया. पन्नाशीच्या, विधवा, मोजकं मराठी बोलणाऱ्या, आणि माझ्यापेक्षा पोरांवर जास्त वचक असलेल्या. रोज वाढलेल्या ताटाचा फोटो काढून वर पाठवायचा असा आम्हाला हुकूम होता. ताट धरायला रैनीबाई. विळीनं कधीकाळी नखासकट मधोमध चिरलेला त्यांचा अंगठा ताटाच्या कडेवर प्रत्येक फोटोत येई. वरून दोनदा तंबी आली की फोटोत फक्त अन्न दिसावं, स्वयंपाकिणीचा अंगठा नको. रैनीबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग ताट हवेत राहते का मॅडम?" अंगठा येत राहिला.

शाळेच्या पलीकडं मोहाची जुनी झाडं होती आणि त्यांच्या सावलीत गावातल्या मेलेल्यांच्या नावाचे उभे दगड. रैनीबाईंच्या नवऱ्याचा दगड दुसऱ्या झाडापाशी, छातीएवढा. त्याच्या डावीकडची रिकामी जागा त्या मला दाखवत, "ही माही." जसं कोणी बसमध्ये धरून ठेवलेली जागा दाखवावी. त्या रानातून रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आखणी बरोबर दगडांवरून गेली. गावानं ग्रामसभा घेतली. मी तिथं होते, शाळेच्याच पडवीत झाली. ठराव झाला की रस्ता हवा, पण नाल्याच्या बाजूनं वळवून. मोहाला आणि दगडांना हात लावायचा नाही. गावातला एक शिकलेला तरुण सभेची वही लिहीत होता. सगळ्यांनी अंगठे लावले. चाचा त्या दिवशी शाळेचा सोलर दिवा दुरुस्त करायला आले होते. ते शिडीवरूनच म्हणाले, "मास्तरीनबाई, त्या पानाचा फोटो काढून घ्या."

मी काढला. संध्याकाळी त्यांनी वायर लावून तो फोटो माझ्या मोबाईलमधून कॉम्प्युटरवर घेतला, त्याचा अंगठा काढला, आणि जगाच्या वहीत तो लावायला जे चिमूटभर नाणं लागतं ते पुतणीच्या नवऱ्याकडून मागून घेऊन लावला. एक पान थांबलो. मग ते म्हणाले, "लागला," आणि त्या पानाचा आकडा त्यांनी भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिला. दुसऱ्या बाजाराला रैनीबाई आल्या तेव्हा त्यांना भिंतीसमोर उभं करून सांगितलं, "तुमचं पान आता कोणी बदलू शकत नाई." रैनीबाईंनी भिंतीला हात लावून पाहिला. रंग वाळलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि डब्यातलं मेमरी कार्ड जळालं. वही डिस्कवर होती ती वाचली. फोटो कार्डावर होता. चाचांनी मला विचारलं, "ठरावाचा फोटो तुमच्या मोबाईलमदी हाय ना?" मी म्हटलं, हो. "मग काई फिकर नाई," म्हणून ते नवं कार्ड लावायला बसले. सिलिंडर तोलून घेणाऱ्या, चंद्राची उलटतपासणी घेणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदाच न पाहता भरवसा ठेवला, आणि तो माझ्यावर.

मी त्याआधीच तो फोटो काढून टाकला होता. मोबाईल खिचडीच्या ताटांनी भरला होता, नवे फोटो निघेनात, वरून विचारणा चालू. मी एका झटक्यात सगळं पुसलं. ठरावाचा फोटो सभेच्याच दिवशी नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, त्याच्याकडं आहेच की, असं मनाशी म्हटल्याचं मला आठवतं. मी खोटं बोलत नव्हते. फोटो तो फोटो, इथं असला काय आणि माजरीत असला काय.

दिवाळीनंतर आखणीचे खुंटे दगडांमध्येच ठोकले गेले. गाव तहसील कचेरीत गेलं तर तिथं जमा झालेल्या सभेच्या वहीत ठराव निघाला, रस्ता सरळ न्यायला गावाची संमती असल्याचा. तेच अक्षर, तीच तारीख, खाली तितकेच अंगठे. पान कोणी बदललं ते मला आजही माहीत नाही. ज्यानं वही लिहिली होती तो तरुण तोवर ठेकेदाराकडं मुकादम झाला होता आणि त्याला काही आठवत नव्हतं. कचेरीतल्या साहेबांनी सुनावणी ठेवली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी गावाला एवढंच सांगितलं होतं की, तोंडी नको, काही असेल तर आणा.

त्या सकाळी मी नवऱ्याकडून फोटो परत मागवून घेतला. सुनावणीला गावाकडून रैनीबाई आणि दोन म्हातारे आले. मी अर्धी रजा टाकली. चाचा डबा फडक्यात बांधून, कोटाला इस्त्री करून आले. साहेबांच्या टेबलावर डबा ठेवला, छोटा पडदा जोडला, आणि जे पोलिसांना सहा पानांत सांगितलं होतं ते साहेबांना एका पानात सांगितलं. साहेब खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे तुमच्या फोटोचा हा आकडा त्या वेळच्या नोंदीशी जुळला, तर पान तेव्हाचंच, असं?" "हाव साहेब." "दाखवा. जुळलं तर मी थांबवतो काम." हे वाक्य मी स्वतः ऐकलं.

चाचांनी माझ्या मोबाईलला वायर लावली. तेवढ्यात साहेबांनी कचेरीची वही रैनीबाईंपुढं फिरवली आणि विचारलं, "हा तुमचाच अंगठा ना?" रैनीबाई वाकल्या, उठल्या, आणि आपला अंगठा वर धरून माडियात भराभरा काही बोलायला लागल्या. माडिया आणि मराठी दोन्ही नीट येणारे त्या खोलीत चाचाच, आणि ते पडद्यावर वाकलेले. मान वर न करता म्हणाले, "थांब बाई, दोन पानं थांब." वर धरलेला अंगठा शिपायाला दिसला. त्यानं शाईचा पॅड आणला आणि हजेरीच्या कागदावर त्यांचा अंगठा घेऊन टाकला. मग आम्ही सगळे पडद्याकडं बघू लागलो.

दोन माळा आल्या, वरची जगाच्या वहीतली, खालची फोटोची. पहिलं अक्षरच वेगळं होतं. चाचांनी वायर काढली, पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक अक्षर बोटानं वाचलं. साहेबांनी विचारलं, "काय झालं? जुळलं?"

त्या खोलीत ती माळ वाचता येणारा माझ्याखेरीज दुसरा माणूस नव्हता. साहेबांना टेबलापलीकडून त्या बारीक अक्षरांतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यांचा चाचांवर विश्वास बसला होता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. हाव म्हटलं असतं तर झालं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, एकदा म्हणा. चाचांनी रैनीबाईंकडं पाहिलं आणि म्हणाले, "नाई जुळत साहेब."

"म्हणजे फोटो खोटा?"

"फोटो खरा हाय. पण मी ते दाखवू शकत नाई."

साहेबांनी वही मिटली. "मग मला वहीत आहे तेच धरावं लागेल," ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना बरं वाटत नव्हतं.

घराकडं चालताना बाजारात त्यांनी विचारलं, "मास्तरीनबाई, हा फोटो कुठून आला?" मी सगळं सांगितलं. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं, डोळ्याला तोच दिसतो पण आतून तो राहत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. टिंबानं माळ बदलते हे मीच तर करून पाहिलं होतं. मला रडू कोसळलं. ते म्हणाले, "चूक तुमची नाई. मी पायलं नाई." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी चिडले. "पान खरंच होतं ना? मग हाव म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी डबा या काखेतून त्या काखेत घेतला. मग म्हणाले, "कोऱ्या कागदावर सही करताना मले बी लोक हेच म्हणले होते. माणूस तर खरंच चोर हाय, तुह्या सहीनं काय बिघडते."

पंधरा दिवसांत मोह पडला. शाळा सुरू होती, पोरं वर्गात, आणि आरीचा आवाज पाढ्यांच्या वर. दगड जेसीबीनं उचलून शाळेच्या भिंतीला एका ढिगात टाकले. रैनीबाई रोज खिचडी झाल्यावर ढिगापाशी जाऊन उभ्या राहत. कुठला दगड कोणाचा ते कळत नव्हतं. छातीएवढे तीन होते. त्यांनी एकावर हात ठेवून पाहिला, मग दुसऱ्यावर, आणि मग हात पदराला पुसून भांडी घासायला गेल्या. मी खिडकीतून बघत होते. माझ्याच्यानं बाहेर जाववलं नाही.

चाचांनी माझ्या मोबाईलमधलं मेमरी कार्ड मागून घेतलं. पुसलेला फोटो कार्डाच्या पोटात कुठंतरी असतो, वरून नवं काही बसलं नसेल तर परत काढता येतो, म्हणाले. त्यांनी मला फोटोंसाठी नवं कार्ड दिलं आणि वर्षभर ते माझ्या कार्डात खणत राहिले. रोज पाच-पन्नास फोटो निघत. खिचडीची ताटं. ताटंच ताटं. प्रत्येक उघडत, बघत, बाजूला टाकत. मी शाळेतून आले की विचारायची, काही? ते मान हलवत. एक दिवस म्हणाले, "त्या पानाच्या जागेवर खिचडी बसली हाय." हे सांगताना ते हसले नाहीत, आणि त्यानंतरही त्यांनी शोधणं सोडलं नाही. पाटीवर आकडा लिहायचे, पण बाजारातल्या लोकांना वही समजावणं त्यांनी बंद केलं. कोणी विचारलं, चाचा, काऊन चालवता, तर म्हणत, "चालू हाय म्हणून."

एकदा मी विचारलं, आपला तो अंगठा अजून आहे का त्या वहीत? "हाय. तुमी-मी मेल्यावर बी राहीन." मग म्हणाले, "पण कोणाचा हाय ते कोणाले सांगता येणार नाई." भिंतीवरच्या ऑइलपेंटच्या आकड्याकडं पाठ करून बसायची सवय त्यांना तेव्हापासून लागली.

थंडीत छातीत कफ झाला. अहेरीला नेलं, तिथून चंद्रपूरला, आणि तिथून ते परत आले नाहीत. पुतणी आली, तिनं दोन दिवसांत घर आवरलं. डबा बघून म्हणाली, याचं काय करू? उत्तराची वाट न बघता तिनं वायर ओढली, पंखा थोडा फिरून थांबला. जगात हजारो प्रती आहेत, त्यांतली एक कमी झाली, कोणाला पत्ताही लागला नसेल. माझं कार्ड तिनं पाकिटात घालून मला दिलं. पाकिटावर चाचांच्या अक्षरात लिहिलं होतं, "मास्तरीनबाई. कामाचं काई नाई."

ते कार्ड मी शाळेच्या कॉम्प्युटरला लावलं, सहज, त्यांनी वर्षभर काय बघितलं ते बघावं म्हणून. रैनीबाई चाचांचं विचारायला शेजारी येऊन बसल्या होत्या. ताटांमागून ताटं सरकत होती. त्या एकदम हसल्या आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "माहा अंगठा." मग दुसऱ्या ताटावर. "माहा." मधोमध चीर, प्रत्येक ताटाच्या कडेला, शेकड्यांनी.

"त्या साहेबाच्या वहीत अंगठा साबूत होता," त्या म्हणाल्या. "चीर नाई. मी दाखवूनच राह्यली होती त्याले, हा पाहा, माहा असा हाय."

मी त्यांचा हात हातात घेऊन बघत बसले. पाच वर्षं हा अंगठा मी रोज फोटोत पाहत होते. त्या कचेरीच्या फायलीत शिपायानं हजेरीला घेतलेला त्यांचा खरा अंगठा आहे, आणि चार पानं मागं दुसऱ्याच कोणाचा, त्यांच्या नावाखाली. दोन्ही एकाच फितीनं बांधलेले. बाहेर भिंतीशी दगडांचा ढीग होता आणि त्यापलीकडून ट्रक चालले होते.

"मग तेव्हा मराठीत का नाही सांगितलंत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"सांगणारच होती," रैनीबाई म्हणाल्या. "चाचा म्हणले, दोन पानं थांब. मग मी थांबली."